हत्तीचे मागचे पाय

सान फेर्मीन वसाहत,
२८ मे १९०९

ती. एर्सीलिआताईस,
धाकट्या अन्सेल्मोचा शि. सा. न. वि. वि.

पत्रात आधी तब्येतीचं लिहावं असं आई सांगायची, म्हणून लिहितो. पालमीराचा खोकला उतरला, मुलं दांडगाई करतात, गव्हाची पेरणी आटोपत आली. आता मुद्द्याचं. ताई, माझी झोप उडाली आहे.

तुमच्या रोसारिओत इटालियन ऑपेरा कंपनी येते आहे हे तुला माहीत असणारच. अकरा खेळ, आणि मग मुक्काम कोर्दोबाला. आमच्या स्टेशनवरही पत्रक लागलंय. पहिलं नाव नायिकेचं, दुसरं टेनर गायकाचं, आणि तिसरं, बोटभर उंच लाल अक्षरांत, कावालिएरे गास्पारे देल्मोन्ते, बॅरिटोन. त्याखाली, पार्माच्या रंगमंचावर गाजलेले. अगं, हा देल्मोन्ते म्हणजे आपला गास्पारे बुसेती, पिंपं करणाऱ्या बुसेतींचा मुलगा! चित्रात पोट सुटलंय, पण कान तेच आहेत.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष, गिरणीवाले डॉन एवारीस्तो पाउतास्सो, पत्रक वाचून थेट घरी आले आणि त्यांनी मला मिठीच मारली. बावीस वर्षं मी या गावाला सांगत आलोय की मी आणि गास्पारे पार्माच्या रंगमंचावर एकाच रात्री, खांद्याला खांदा लावून उभे होतो. त्यांना वाटलं मी आनंदाने उडी मारीन. मी खुर्चीत बसलो. त्यांना वाटलं मला भरून आलं.

तर त्यांनी परस्पर ठरवलं ते असं. १२ जूनला गास्पारेची मानाची रात्र आहे. त्या रात्री गावातले साठ जण रेल्वेचा एक डबा भरून येणार, आणि मध्यंतरात मानकऱ्याने जुन्या स्नेह्याबरोबर गायचा रिवाज असतो ना, तो स्नेही म्हणजे मी. कंपनीच्या व्यवस्थापकाला तारही गेली, होकारही आला. दुसऱ्या दिवशी रविवारी मंडळाची सभा. नव्या संगीतशाळेवर मास्तर कोण नेमायचा, मी की ब्युनोस आयर्सहून आलेला तो पदवीवाला पोरगा, याचं मतदान. डॉन एवारीस्तो म्हणतात, पदवी काय चाटायचीय, आमच्याकडे पार्मा आहे.

ताई, गास्पारे तिथे एक वाक्य जरी खरं बोलला तरी माझा निकाल लागला. शाळा जाईल ती जाईलच, पण ज्यांना मी बाजा धरायला शिकवला ती माणसं मला रस्त्यात हसतील. तू त्याला आधी गाठ. काहीतरी सांग. काय ते तुला माझ्यापेक्षा बरं सुचतं.

लोभ आहेच, या खेपेस जरा जास्त लागेल.

तुझा,
अन्सेल्मो

&nbsp;

रोसारिओ,
१ जून १९०९

चि. अन्सेल्मो यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचता वाचता मला इतकं हसू आलं की इस्त्रीवाल्या पोरींना वाटलं मला निखाऱ्यांचा धूर लागला. पालमीराला कांद्याचा काढा दे. आता तुझ्या दुखण्याकडे वळू, त्याला काढा नाही.

बाळा, तू बावीस वर्षं गावाला जे सांगितलंस त्यात एकच बारीकसा तपशील गाळलास. तुम्ही दोघं पार्माच्या रंगमंचावर होता खरे, पण कापडी हत्तीच्या पोटात! गास्पारे पुढचे पाय, तू मागचे. खांद्याला खांदा कसला? तुझं नाक त्याच्या पाठीला होतं. गायला म्हणशील तर हत्ती सबंध खेळात एकदाही गात नाही, हे तुझ्या डॉन एवारीस्तोंना कुणीतरी सांगायला हवं.

आणि तेवढंही धड जमलं का? मिरवणूक ऐन रंगात आली, हत्ती मधोमध पोचला, आणि पोटाची शिवण टर्रकन गेली. पुढचे पाय डावीकडे, मागचे उजवीकडे. गॅलरीवाल्यांनी शिट्ट्यांनी छप्पर उडवलं. तुम्ही दोघं मागच्या दाराने पसार झालात, तो तिकडे नेपल्सला समूहात गायला, आणि तू थेट बोटीत. आई बिचारी मुलगा रंगमंचावर येणार म्हणून जन्मात पहिल्यांदा थिएटरात आली होती. तिला तू दिसलास कुठे? शेवटपर्यंत म्हणायची, हत्तीने माझ्याकडे बघितलं. म्हातारपणाचं बोलणं, दुसरं काय.

तो हत्ती शिवला कुणी, हे तुला आठवतं का रे? असो.

कंपनी परवा उतरली. धुणी सगळी माझ्याकडे आली आहेत. कोण कसं गातं ते पेपरवाले लिहितील, पण कुणाला किती घाम फुटतो ते मला आधी कळतं. टेनरच्या कॉलरला रंग फार, म्हणजे वय लपवतोय. दुसऱ्या बास गायकाकडे सदरा एकच, तो सकाळी देतो आणि संध्याकाळपर्यंत कोट गळ्यापर्यंत लावून बसतो. तुझ्या गास्पारेच्या सदऱ्यांना बगलेत दोन्हीकडून पट्ट्या जोडल्यात, त्याही वेगळ्या कापडाच्या. दोन गुंड्या तुटल्या होत्या, त्या लावून दिल्या.

मी त्याला बित्याला काही गाठणार नाही. खोटं तू बोललास, निस्तर तू. मुलांना पापे. कळावे, आणि यातून काही कळलं तर उत्तमच.

तुझी ताई,
एर्सीलिआ

&nbsp;

सान फेर्मीन,
४ जून १९०९

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र पालमीराच्या हाती लागू नये म्हणून बाजाच्या पेटीत लपवलं आहे. हसलीस ते हसलीस, पण मला सांग, मी खोटं काय बोललो? तोच रंगमंच, तीच रात्र, तेच काम. काम कुठलं, हे मला बावीस वर्षांत कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं.

मंगळवारी मी ताप आल्याचं जाहीर केलं. चूक झाली. तासाभरात डॉन एवारीस्तो डॉक्टरला घेऊन हजर. डॉक्टरने घशात चमचा घातला आणि म्हणाला, घसा लग्नातल्या ढोलासारखा ठणठणीत आहे. तरी गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या कामाला लागल्या. एकीने छातीला हंसाची चरबी चोळली, दुसरीने गळ्याला गरम राखेचा मोजा बांधला, तिसरी सांता लुचीआला नवस बोलून आली. तिला म्हटलं, ती डोळ्यांची देवी. ती म्हणाली, घसा काही फार लांब नाही. मी बुधवारी मुकाट्याने बरा झालो.

आणि हे बघ, तूच विषय काढलास म्हणून बोलतो. तुझ्या टाक्याला मी बोल लावत नाही, पण ती शिवण जरा घट्ट असती तर हे रामायण घडलंच नसतं. हत्ती मधोमध न फाटता पलीकडे गेला असता, मी पार्मात राहिलो असतो, समूहात लागलो असतो, आणि आज कुणी सांगावं, लाल अक्षरांत माझंही नाव असतं. घाईत होतं असं, मी समजू शकतो.

तेव्हा निदान आता तरी मला सांभाळ. लोभ असावा, जुना असला तरी चालेल.

तुझा,
अन्सेल्मो

&nbsp;

रोसारिओ,
७ जून १९०९

अन्सेल्मो,

आशीर्वाद गृहीत धर. आज हाताने लिहवत नाही.

घाईत शिवलं म्हणतोस? अकरा दिवस मी त्या हत्तीखाली मांडी घालून बसले होते. दुहेरी दोरा, प्रत्येक दोऱ्याला मेण, आणि पोटावर उलटसुलट तीन फेऱ्या. त्या कापडाला बैल जुंपला असता तरी शिवण हलली नसती. आणि तुम्ही दोघं पळालात त्याच्या दुसऱ्या दिवशी कपडेपटाच्या बाईंनी मला सगळ्यांसमोर उभं केलं, फाटलेलं कापड माझ्या तोंडावर टाकलं आणि सांगितलं की ज्या पोरीला हत्ती शिवता येत नाही तिने घरी जाऊन मोजे विणावेत. सहा वर्षांची नोकरी. मी चोवीस वर्षांची होते, आणि मला पुढे त्या कपडेपटाची मुख्य व्हायचं होतं. तुला शाळेवर मास्तर व्हायचंय ना, तसंच.

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सदऱ्यांना खळ घालते आहे, आणि या सत्तावीस वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की ताई, तुझं पुढे काय झालं. मला त्याचं वाईट वाटतं. आज लिहितेच आहे तर लिहून टाकते, मला त्याचं फार वाईट वाटतं.

निघताना मी त्या हत्तीचा एक कान उचलून आणला. चोरीच म्हण. तो माझ्या इस्त्रीच्या फळीवर घातलेला आहे, त्यावरूनच या शहरातल्या सगळ्या वकिलांच्या सदऱ्यांच्या छात्या कडक होतात. आजही बघितला. एक टाका निघालेला नाही.

एर्सीलिआ

ता. क. गास्पारे दुकानात येऊन गेला. सदरा न्यायला. बाकी विशेष काही नाही.

&nbsp;

रोसारिओ, हॉटेलवरून,
८ जून १९०९

श्रीमती एर्सीलिआबाई यांस,
गास्पारेचा स. न. वि. वि.

काल दुकानात माणसं होती म्हणून सदरा घेऊन निघून आलो. खरं काम सदऱ्याचं नव्हतं. मागच्या आठवड्यात माझ्या गुंड्या लावून आल्या त्या दिव्याखाली धरून बघितल्या. तीन वेढे आणि मेणाची गाठ! ही गाठ घालणारी बाई जगात एकच, हे मी हत्तीत राहिलेला माणूस ओळखणार नाही तर कोण?

बाई, तुमच्या पाया पडतो. तुमचा भाऊ इथेच जवळ राहतो हे मला व्यवस्थापकाने सांगितलं. त्या शहाण्याने मला न विचारता तारेला होकार देऊन टाकला. शनिवारी अन्सेल्मो साठ माणसं घेऊन येतोय. पत्रकावर काय छापलंय ते तुम्ही वाचलं असेलच. पार्माच्या त्या रंगमंचावर मी त्या रात्रीनंतर कधी पाऊल ठेवलं नाही. नेपल्स, माल्टा, कैरो, लिमा, सगळीकडे खरोखर गायलो, घसा फुटेस्तोवर गायलो, पण लोकांना ते नको असतं, त्यांना पार्मा लागतं. अन्सेल्मोने तिथे हत्तीचा ह उच्चारला तर व्यवस्थापक माझं नाव तिसऱ्यावरून नवव्या ओळीत नेईल. बावन्नाव्या वर्षी नवव्या ओळीतून कुणी वर येत नाही.

लहानपणी तो भडाभडा बोलायचा. अजून तसाच आहे का? त्याला आजारी पडायला सांगा, पाय मुरगळायला सांगा, काहीही सांगा. आणि राग मानू नका, पण ती शिवण त्या दिवशी जरा टिकली असती तर आपण तिघंही आज सुखात असतो.

आपला कृपाभिलाषी,
गास्पारे
(देल्मोन्ते फक्त पत्रकापुरता)

&nbsp;

रोसारिओ,
१० जून १९०९

चि. अन्सेल्मो यास आशीर्वाद.

शनिवारी ये आणि गा. आजारी पडू नकोस, पाय मुरगळून घेऊ नकोस. मी कासुएलात पहिल्या रांगेत बसणार आहे. बायकांच्या त्या सज्जात पुरुषाला पाऊल टाकता येत नाही, तेव्हा मला थोपवायला कुणाला पाठवू नकोस. सोबत पिशवी असेल. पिशवीत काय, ते विचारू नकोस.

गास्पारेलाही मी हेच्या हेच पत्र पाठवते आहे, फक्त नाव बदलून.

एर्सीलिआ

&nbsp;

सान फेर्मीन,
१४ जून १९०९

ती. ताईस,
तुझ्या नालायक भावाचा शि. सा. न.

शनिवारी खेळ संपल्यावर मी तुला जिन्यापाशी शोधलं, पण कासुएलातून उतरणाऱ्या बायकांच्या लोंढ्यात तू दिसली नाहीस. मग डॉन एवारीस्तोंनी मला उचलून गाडीत टाकलं. म्हणून आज सगळं लिहितो. तू वरून पाहिलंसच, पण खाली काय झालं ते तुला तिथून ऐकू आलं नसेल.

मला रंगमंचावर नेलं तेव्हा गास्पारे फुलांच्या परड्यांमध्ये उभा होता. त्याने मला मिठी मारली तेव्हा तो थरथरत होता. मला वाटलं, रागाने. तो कानात पुटपुटला की दया कर. मी म्हटलं, तू कर. दोघांनाही काही उमगेना. वरून कवितांचे रंगीत कागद पडत होते, रिबिनी बांधलेली कबुतरं सोडली होती, त्यातलं एक मोठ्या ढोलावर जाऊन बसलं आणि वादकाला ते हाकलवेना. आमच्या गावचे साठ जण माझं नाव घेऊन ओरडत होते. सुरुवातीचे सूर वाजले, मी तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही. तेव्हाच तुझी पिशवी उघडली असणार.

तो कान धप्पकन आमच्या दोघांच्या मधोमध पडला. करडा, भाजलेला, एका कडेला इस्त्रीचा डाग. गास्पारे रंगाखाली पांढराफटक पडला. मी मनात म्हटलं, संपलं. ताईने हिशेब चुकता केला, आणि तिला तो हक्क आहे. गास्पारेने वाकून कान उचलला, उलटा केला, टाके बघितले. बराच वेळ बघितले. मग त्याने कानाचा मुका घेतला, तो छातीशी धरला आणि माझ्याकडे न बघता, ओठ न हलवता म्हणाला, डावा.

ताई, सत्तावीस वर्षांनी माझा डावा पाय आपोआप उचलला गेला. तो म्हणाला, उजवा. मी उजवा टाकला. हत्तीत असताना मला काही दिसायचं नाही, मी त्याच्या या दोन शब्दांवर चालायचो. असे आम्ही दिव्यांपर्यंत चालत गेलो, आणि तिथे माझा घसा सुटला. फार थोर गायलो असं नाही. अवघड जागी मी त्याच्या आवाजामागे उभा राहिलो, पूर्वी पाठीमागे राहायचो तसाच. पण गायलो, शेवटपर्यंत गायलो, टाळ्या पडल्या, आणि पार्माच्या शिट्ट्या सोडल्या तर थिएटरात माझ्यासाठी झालेला तो पहिलाच आवाज.

नंतर त्याच्या खोलीत आम्ही एकमेकांसमोर बसलो, आणि कळलं की दोघंही एकमेकांना घाबरून दहा दिवस अर्धे झालो होतो, आणि तुला दोन्हीकडचं ठाऊक होतं! तू आम्हाला चांगलं मंद आचेवर ठेवलंस. गास्पारे म्हणतो, आपण त्याच लायकीचे.

आता रविवारचं ऐक. रात्रभर मला तो कान दिसत होता. सभेत मी उभा राहिलो आणि मतदानाआधी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मंडळी, मी पार्मात कधी गायलो नाही, मी हत्तीचे मागचे पाय होतो. मग डॉन एवारीस्तो उठले, त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, बघा, थोर कलावंत स्वतःविषयी असा बोलतो! पदवीवाला पोरगा सर्वांत आधी टाळ्या वाजवायला लागला. मी ओरडून सांगितलं की हे विनयाचं बोलणं नव्हे, खरोखरचा हत्ती होता, कापडाचा. टाळ्या वाढल्या. म्हटलं, माझ्या बहिणीने तो शिवला होता, काल पडला तो त्याचाच कान. तेव्हा तर लोक पोट धरून हसले, म्हणाले मास्तर गंमत फार छान करतात. एकमताने माझी नेमणूक झाली. बावीस वर्षं थाप मारली ती घटकेत पटली, आणि खरं बोललो तर कुणी ऐकून घेईना.

कान डॉन एवारीस्तोंनी गास्पारेकडून मागून आणला. तुमच्या पेपरात छापून आलंय म्हणे की पार्माच्या थिएटरची जुनी ध्वजा कलावंताला अर्पण झाली. ती आता काचेच्या चौकटीत मंडळाच्या भिंतीवर लागणार आहे, आणि शाळेची मुलं आत शिरताना टोपी काढणार आहेत.

एक गोष्ट मी सभेतही सांगितली नाही. ती फक्त तुझी आहे. ताई, शिवण फाटली नव्हती. मी कापली होती. त्या रात्री आई गॅलरीत आहे हे मला माहीत होतं. मुलगा रंगमंचावर येणार म्हणून ती गावाहून चालत आली होती, आणि मी गास्पारेच्या पाठीला नाक लावून अंधारात उभा होतो. मला तिला एकदा बघायचं होतं, बस्. खिशात चाकू होता. पोटाजवळचे चार टाके कापले, डोळा लावला, ती दिसली. हिरवी शाल. तिला बघत राहिलो आणि गास्पारेचा डावा मला ऐकू आला नाही. तो वळला, मी वळलो नाही. कापलेल्या जागेवरून बाकीचं फाटत गेलं. तुझी नोकरी माझ्या चाकूने गेली, आणि वर चार तारखेला मी तुलाच घाईची शिवण म्हणून लिहिलं. लिहिताना मला ठाऊक होतं. इतकी वर्षं खोटं बोलून बोलून मी ते स्वतःलाही पटवलं होतं.

माफ कर म्हणायलाही तोंड नाही, पण म्हणतो. माफ कर.

लोभाविषयी काही मागत नाही.

अन्सेल्मो

&nbsp;

रोसारिओ,
१९ जून १९०९

चि. अन्सेल्मो यास,
ताईचे आशीर्वाद, पूर्ण.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्या खेपेस एका न्यायाधीशाचा सदरा जळाला, छातीवर होडीएवढा डाग. मला तुझा राग आला. इतका आला की गाडीत बसून तिकडे यावं आणि तुझ्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. चाकू म्हणे! मी जन्मभर रात्री अंथरुणात ते टाके मनातल्या मनात पुन्हा मोजत आले, की कुठे चुकले असेन. मनातून कपडेपटाच्या बाईंचं मला थोडं थोडं खरं वाटायला लागलं होतं रे. तेवढ्यासाठी तरी तू आधी सांगायला हवं होतंस.

बाकी नेमणुकीबद्दल अभिनंदन. थापाड्या तो थापाड्या, पण पोरांना तू सुरात आणतोस हे मी स्वतः ऐकलंय. माझ्या कानाला मुलं टोप्या काढणार म्हणतोस, तर काढू देत. मला नवी फळी भरून घ्यावी लागली आहे आणि ती नीट बसत नाही.

आता एक सांगायचं आहे. आईचं मी तुला अर्धंच लिहिलं होतं. ती नुसतं हत्तीने बघितलं म्हणायची नाही. ती म्हणायची, हत्तीच्या पोटाला एक डोळा होता आणि तो माझ्याकडे बघत होता. मी तिला किती वेळा सांगितलं की आई, हत्तीचे डोळे डोक्याला असतात, दोन, काळ्या गुंड्यांचे, मीच शिवले आहेत. गेली त्याच्या आदल्या दिवशीही तिने तेच काढलं, आणि मी त्रासून तेच उत्तर दिलं. तेव्हा ती हसून म्हणाली की तुझे दोन मी कुठे नाही म्हणते, पण तिसरा मी ओळखला. मी म्हटलं, तापात बोलते आहे. तिने तुला बघितलं होतं, अन्सेल्मो. साऱ्या थिएटरात तिने एकटीने बघितलं होतं, आणि मी तिला तीन वर्षं वेड्यात काढलं.

तेव्हा माफी तू एकट्याने मागायची असं काही उरलेलं नाही. २३ तारखेला सान जोव्हान्नीच्या सणाची आदली रात्र. पालाभाजी भरलेले कणकेचे तोर्तेल्ली करते आहे, आईसारखे, लोण्यात पोहणारे. पालमीराला आणि मुलांना घेऊन ये. इथे जूनमध्ये गावाकडच्यासारखी रात्री दवाखाली बसून खायची सोय नाही, थंडीने दात वाजतात, तर स्वयंपाकघरात बसू. कंपनी काल कोर्दोबाला गेली. निघताना गास्पारे दुकानात आला, पोरींदेखत त्याने माझा हात हातात घेतला आणि सांगितलं की कोर्दोबाच्या शेवटच्या खेळात मिरवणूक आहे, हत्ती लागणार, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातचा त्याला नको. मी म्हटलं, सत्तावीस वर्षांनी विचारतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, वाटते.

शिवायला घेतलाय. दुकानभर करडं कापड पसरलंय, वकील उघड्या छातीने फिरत आहेत. दुहेरी दोरा, मेण लावून, पोटावर तीन फेऱ्या. फक्त या वेळी डाव्या बाजूला, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, एक गोल भोक ठेवते आहे, कडेने नीट काज करून, म्हणजे उसवणार नाही. मागच्या पायांचीही आई कुठेतरी बसलेली असेल.

येताना गरम कपडे आणा.

तुझी,
हत्ती शिवणारी ताई